तीन ओळींची जागा

आरोग्य खात्याचा फॉर्म आलाय, चार पानी, निळसर.
शेवटच्या पानावर विचारलंय :
आपल्या दवाखान्यात सेवा सुधारताना कोणते अडथळे येतात?
खाली तीन ओळींची जागा.

रात्रीचे पावणेदहा. मल्हारगंजातली दुकानं
एकेक शटर ओढून घेतायत.
गेंदालाल बाटल्या मोजतोय,
बाबांच्या काळापासून मोजतो तसा, मोठ्यानं,
म्हणजे मी ऐकावं.

पहिल्या ओळीत वेळ लिहू?
आज एकाहत्तर माणसं.
माणशी चार मिनिटं, त्यातलं एक चपला काढण्यात,
एक "बडे डॉक्टरसाब होते तो" यात.
उरलेल्या दोनात मी छाती ऐकते,
छातीमागचं घर ऐकायचं राहून जातं.

की सुई लिहू?
नाही टोचली तर समोर जातात, जिन्याखाली,
जिथे पाटी नाही पण सुई आहे.
गेल्या वर्षी दोन महिने मी हट्टानं बंद ठेवली.
तिसऱ्या महिन्याचं भाडं गेंदालालनं आठवून दिलं,
काही न बोलता, कॅलेंडरवर बोट ठेवून.

की वही? साखरेच्या पेशंटांसाठी
मी स्वतः आखलेली, लाल रेघांची.
पहिल्या पानावर चाळीस जणांच्या तारखा,
तिसऱ्यावर नऊ जणांच्या,
पाचव्यावर कुणीतरी दुधाचा हिशेब मांडलाय.
आणि रक्तदाबाचे सुपेकरकाका,
बरं वाटलं म्हणून प्रेमानं
अर्धा किलो लवंगी शेव ठेवून गेले.
कुठल्या रकान्यात बसवू ती शेव?

मग सरजूबाई.
चैत्रात आली, खोकला म्हणाली. खोकला नव्हता.
वैशाखात आली, थकवा म्हणाली.
मी टॉनिक लिहिलं, मान वर न करता.
बाहेर बाकावर तिचा दीर, चुलतसासू,
आणि नुसतेच पंख्याखाली बसलेले दोघे.
आषाढात ती जिन्यात थांबून राहिली,
मी कुलूप लावेपर्यंत,
आणि माझा हात धरून पदराखाली नेला, डावीकडे.
लिंबाएवढी.
अगं, आधी का नाही बोललीस?
"पडदो ओछो है, बई."

आहेच आखूड. जमिनीपासून हातभर वर.
कोण टेबलावर चढलं, कोण किती वेळ,
बाकाला सगळं कळतं.
दुसऱ्याच दिवशी मी कापड आणलं.
गेंदालाल अडून बसला :
पाय दिसले नाहीत तर पुढचा नंबर कधी सोडू?
बाबांनीच मापून दिलंय त्याला ते.
पाय दाराकडे वळले
की बेचाळीस वर्षं तो म्हणत आलाय, "चलो, अगला."
त्यात चूक काय, मला सांगता आलं नाही.
बाहेर अठरा जण होते.
कापड कपाटात आहे, घडी न मोडलेलं.

सरजूबाईला मोठ्या इस्पितळात पाठवलं, चिठ्ठी देऊन.
तिथून उलट चिठ्ठी येत नाही.
आपलं माणूस तिथे पोचलं की नाही
हे इथे कुणाच्या तरी चुलतभावाकडून कळतं,
किंवा नाही कळत.

पेनाचं टोपण काढते. पहिल्या ओळीवर लिहिते :
पडदा, हातभर आखूड.
वाचून बघते. खात्यात कुणीतरी हसेल.
दोन ओळी तशाच सोडते.

"बत्ती बुझा दूँ?"
थांब, म्हणते. आणि कपाट उघडते.
टेप सापडत नाही.
गेंदालाल माझ्याकडे बघतो, कापडाकडे बघतो,
मग गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, खाली बसतो
आणि फरशीपासून बोटं पसरून मोजू लागतो,
एक वीत, वर अजून थोडं.

चार बोटं तरी सोडा, म्हणतो.